ग्रामीण लघुउद्योगांची परिचय-पत्रिका : रचना आणि छपाई

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यातील धानोरा तालुका जिल्ह्याच्या ठिकाणापासून पूर्वेस, चातगाववरून मुरूमगावमार्गे छत्तीसगडच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेला आहे. मोह, चारोळी, हिरडा, बेहडा, तेंदूपाने, मध आणि बांबू ही येथील वनसंपत्ती. ती पिढ्यान्पिढ्या बाहेरच्या बाजारात जात आली. परंतु ती गोळा करणाऱ्याचे अथवा घडविणाऱ्याचे नाव तिच्याबरोबर कधी गेले नाही. चारोळीच्या पोत्यावर अडत्याचे नाव असे आणि बांबूच्या सुपावर कोणाचेच नसे.

या स्थितीत बदल घडून येण्यास धानोरा तालुक्यानेच मोठा हातभार लावला आहे. वनहक्क कायदा, २००६ अन्वये गौण वनोपजाची मालकी ग्रामस्थांकडे आली आणि बांबूची गणना गौण वनोपजात झाली. २००९ मध्ये धानोऱ्यानजीकच्या मेंढा (लेखा) या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक वनहक्क मान्य झाले. पुढे एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. विक्रेता म्हणून गावाचे नाव कागदावर येण्याची ही सुरुवात होय. त्यानंतर अनेक ग्रामसभांनी तेंदूपाने व बांबू यांची विक्री स्वतः हाती घेतली. महिला आर्थिक विकास महामंडळ आणि 'उमेद' अभियान यांच्या साहाय्याने उभे राहिलेले महिलांचे बचत गटही आपला माल घेऊन जिल्हा प्रदर्शनांत, नागपुरात आणि मुंबईच्या 'महालक्ष्मी सरस' सारख्या मेळाव्यांत जाऊ लागले.

प्रदर्शनात माल विकला जातो, ग्राहक समाधानाने घरी जातो, आणि संबंध तेथेच संपतो. सहा महिन्यांनी त्याच ग्राहकास अथवा एखाद्या दुकानदारास पुन्हा चारोळी हवी असते, पन्नास परड्या हव्या असतात. मात्र 'गडचिरोलीच्या त्या बाया' यापलीकडे त्याच्यापाशी काही नसते. मग तो जवळच्या मध्यस्थाकडे जातो, आणि मालकी हक्काने गावाकडे आलेला नफा ओळखीअभावी पुन्हा गावाबाहेर राहतो. अशा वेळी ज्याला आपण व्यवहारात 'व्हिजिटिंग कार्ड' म्हणतो, त्या साडेतीन इंची कागदाचे महत्त्व ध्यानी येते. हे कार्ड प्रतिष्ठेसाठी छापावयाचे नसते. एका वर्षानंतर अनोळखी माणसाने ते खिशातून वा टेबलाच्या खणातून काढले, तर त्याला थेट उत्पादकापर्यंत पोहोचता यावे, एवढीच त्याची कसोटी होय. कागद, अक्षर, रंग, मजकूर यांविषयीचे पुढील सर्व निर्णय या कसोटीवर घासून घेता येतात.

नाव कोणाचे, क्रमांक कोणाचा?

खाजगी दुकानदाराच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. गट अथवा ग्रामसभा यांच्या बाबतीत मात्र तो सर्वांत अवघड ठरतो आणि छपाईपूर्वी त्याचाच विचार सर्वांत कमी होतो. सामान्यतः गटाच्या अध्यक्षांचा अथवा त्यांच्या मुलाचा भ्रमणध्वनी क्रमांक कार्डावर घातला जातो. दोन-तीन वर्षांनी पदाधिकारी बदलतात, मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी जातो. कार्डे तर शेकडो लोकांच्या घरी पोहोचलेली असतात. येणारी मागणी मग गटाची न राहता त्या व्यक्तीची होते. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. विचारणा ज्याच्या कानी पडते, व्यवहारही स्वाभाविकपणे त्याच्याच हाती जातो. परिणाम मात्र तोच होतो, आणि गटांतील बेबनावाचे बीज कित्येकदा अशा लहानशा गोष्टीत असते.

म्हणून गटाने एक स्वतंत्र सिमकार्ड घेऊन तो क्रमांक केवळ व्यवसायासाठी राखून ठेवावा. सिमकार्ड कोणा एका सदस्येच्या नावे घ्यावे लागले, तरी तो क्रमांक गटाचा असून पदबदलानंतर तो नव्या पदाधिकाऱ्यांकडे सोपविला जाईल, असा ठराव गटाच्या इतिवृत्तात नोंदवावा. रिचार्जचा खर्च गटाच्या हिशेबात धरावा. सलग नव्वद दिवस वापर न झाल्यास क्रमांक बंद होऊ शकतो आणि कालांतराने तो दुसऱ्याच ग्राहकास दिला जातो, हेही विसरता कामा नये. पावसाळ्यात मागणी नाही म्हणून फोन पेटीत ठेवून दिला, तर दिवाळीत छापील कार्डे परक्याच्या घरची घंटा वाजवू लागतील! महिला गटांच्या दृष्टीने स्वतंत्र क्रमांकाचा आणखी एक लाभ असा की, सदस्यांचे खाजगी क्रमांक अनोळखी लोकांच्या हाती पडत नाहीत.

धानोरा तालुक्यातील अनेक गावांत नेटवर्क सर्वकाळ मिळत नाही. ही उणीव झाकण्यापेक्षा कार्डावर तसे सांगणे हिताचे आहे. 'फोन सायंकाळी ७ ते ९. अन्य वेळी व्हॉट्सॲपवर निरोप ठेवावा' अशी एक ओळ असली, म्हणजे दुपारी फोन न लागल्यास ग्राहक निराश होत नाही. दुसरा क्रमांक द्यावयाचा झाल्यास तो जेथे नेटवर्क स्थिर असते अशा ठिकाणच्या, शक्यतो तालुक्याच्या गावी राहणाऱ्या सदस्याचा असावा. दोनांहून अधिक क्रमांक छापू नयेत.

गटाच्या नावाविषयीही सावध राहावे लागते. सरस्वती, दुर्गा, सावित्रीबाई ही नावे आदराची खरी. पण त्या नावाचे गट महाराष्ट्रातील गावोगावी आहेत. नावापुढे गावाचे नाव त्याच आकाराच्या अक्षरांत जोडले, तरच ओळख पक्की होते.

धानोरा : कोणते?

धानोरा या नावाची गावे विदर्भात, मराठवाड्यात आणि शेजारच्या राज्यांतही आहेत. 'मु. पो. धानोरा' एवढ्यावर भागत नाही. गाव, डाकघर, तालुका, जिल्हा आणि पिन क्रमांक हे पाचही घटक कार्डावर आले पाहिजेत. पिन क्रमांकाची पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सारख्या नावांची गावे आणि भिन्न लिपींतील पत्ते यांमुळे टपालाचा होणारा गोंधळ दूर करणे हाच तिचा हेतू होता. आणि तिचे जनक, केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, हे मराठी भाषक व संस्कृतचे कवी होते. पिनमधील पहिला अंक विभाग दर्शवितो (महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा अंक ४), पहिले तीन अंक मिळून वर्गीकरणाचा जिल्हा आणि अखेरचे तीन डाकघर. टपालाचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एकच असतो असे नाही. एकाच गडचिरोली जिल्ह्यात गडचिरोलीचे पिन '४४२' ने, तर देसाईगंज व कुरखेड्याचे '४४१' ने सुरू होतात. तेव्हा पिन अंदाजाने न घालता डाकघरात विचारून घ्यावा.

पत्त्याच्या जोडीला कार्डाच्या मागील बाजूस वाट सांगणारी एक ओळ द्यावी : 'गडचिरोली–धानोरा–मुरूमगाव मार्गावर, अमुक फाट्यापासून इतके किलोमीटर.' नागपूर येथून दोनशेहून अधिक किलोमीटर अंतर तोडून येणाऱ्या खरेदीदारास नकाशातील बिंदूपेक्षा फाट्याचे नाव अधिक उपयोगी पडते.

सांगावे ते आणि टाळावे ते

व्यवसाय काय, हे एका ओळीत यावे. 'सर्व प्रकारची वनोत्पादने मिळतील' हे वाक्य काहीच सांगत नाही. 'चारोळी, मोहफुले, मध' अथवा 'बांबूची सुपे, परड्या, टोपल्या. मागणीप्रमाणे' असे लिहिल्यास वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वस्तू उभी राहते. वनोपजाच्या बाबतीत हंगामाची नोंद फार मोलाची आहे. मोहफुले मार्च-एप्रिलमध्ये वेचली जातात, चारोळी त्यानंतर, उन्हाळ्यातच येते, हिरडा-बेहडा हिवाळ्यात. बांबूची तोड पावसाळ्यात होत नाही. शहरातील खरेदीदारास हे ठाऊक नसते. तो ऑगस्टमध्ये ताजी मोहफुले मागतो आणि नकार मिळाल्यावर पुन्हा फोन करीत नाही. कार्डाच्या मागील बाजूस चार वस्तू आणि त्यांचे महिने छापले, तर ते कार्ड वर्षभर जपून ठेवण्याजोगे होते. भाव मात्र छापू नयेत, ते बदलतात.

काही गोष्टी कार्डावर येता कामा नयेत आणि त्यामागे केवळ सुरुचीचा नव्हे, कायद्याचा प्रश्न आहे. मधाच्या अथवा जांभूळ-बियांच्या चूर्णाच्या कार्डावर 'मधुमेहावर रामबाण' असे शब्द सर्रास आढळतात. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या अधिनियमात ज्या रोगांवरील औषधांची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत मधुमेहाचा समावेश आहे. आणि त्या अधिनियमात 'जाहिरात' या संज्ञेत पत्रक, वेष्टन, लेबल व अन्य दस्तऐवज हे सारेच येतात. कार्ड त्यातून सुटत नाही. 'सेंद्रिय' हा शब्दही प्रमाणपत्रावाचून वापरू नये. 'धानोरा परिसरातील वनातून गोळा केलेला' हे विधान खरे आहे आणि गिऱ्हाइकाच्या मनावर त्याचा परिणामही अधिक होतो.

पंचायत सदस्यांनी एका बाबीकडे विशेष लक्ष पुरवावे. अशोकस्तंभाची मुद्रा, अर्थात राज्यचिन्ह, कोणी व कोठे वापरावी हे २००५ चा अधिनियम आणि त्याखालील २००७ चे नियम यांनी ठरवून दिले आहे. राष्ट्रध्वजाचे चित्र व्यापारी कारणासाठी वापरण्यासही १९५० च्या अधिनियमान्वये प्रतिबंध आहे. शासकीय योजनेतून साहाय्य मिळाले, म्हणून बचत गटाच्या कार्डावर मुद्रा छापण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. 'शासनमान्य' हा शब्दही असाच. कशासाठी मान्य, हे सांगता येत नसेल तर तो गाळावा.

खाद्यपदार्थ विकणाऱ्या गटाने अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर तर छापावयाचाच असतो. कार्डावरही तो असल्यास दुकानदाराचा विश्वास वाढतो. वस्तू व सेवा कराचा क्रमांक असल्यास त्याची जागा बिलावर आहे. कार्डावरील मोलाची जागा त्याने अडवू नये.

अक्षरे

देवनागरी अक्षराला वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. त्यामुळे रोमन लिपीत जो मजकूर आठ पॉइंटात सहज वाचता येतो, तो देवनागरीत दाटीवाटीचा होतो. (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग.) कार्डावरील सर्वांत लहान मराठी मजकूर नऊ-दहा पॉइंटांहून कमी नसावा आणि दोन ओळींत पुरेसे अंतर असावे. गडद रंगाच्या पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरे घेतल्यास शाई पसरून अनुस्वार बुजतात. बांबूच्या व्यवसायात तर हे महागात पडावयाचे : अनुस्वार गेला की 'बांबू'चा 'बाबू' होतो.

छपाईच्या दुकानांत आजही जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरात आहेत. अशा फॉन्टातील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करून द्यावा आणि तयार कार्ड पीडीएफ स्वरूपात घ्यावे, म्हणजे पुढील वर्षी दुसऱ्या छापखान्यातही तेच कार्ड निघेल. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा सुबक फॉन्ट विनामूल्य उपलब्ध आहे. हिंदी वळणाच्या फॉन्टात 'ल' आणि 'श' ही अक्षरे निराळी दिसतात. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाणित केलेल्या मराठी वर्णमालेतील पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' ही वळणे फॉन्टात आहेत किंवा नाहीत, हे शिक्षकांनी गटास पाहून द्यावे. नाहीतरी मजकुराचे शुद्धलेखन तपासण्यासाठी कार्ड त्यांच्याच हाती जाणार असते!

भाषेचा प्रश्न सुटा आहे. एक बाजू मराठीत आणि दुसरी हिंदीत अथवा इंग्रजीत असणे या सीमावर्ती तालुक्यास सोयीचे. गटाचे वा वस्तूचे नाव गोंडी असेल, तर ते बदलू नये. उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहावे. दूरध्वनी क्रमांक मात्र आंतरराष्ट्रीय अंकांत छापावा. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदाने संघराज्याच्या कामकाजासाठी स्वीकारलेले भारतीय अंकांचे हे रूप देशभर कोणासही वाचता येते. दहा अंक सलग न छापता पाच-पाचांचे दोन गट करावेत. त्यामुळे क्रमांक फिरविताना चूक होत नाही.

कागद आणि छपाई

आपल्याकडे कार्डाचा रूढ आकार साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे सुमारे ८९ बाय ५१ मिलिमीटर आहे. याहून मोठे अथवा वेड्यावाकड्या आकाराचे कार्ड पाकिटात मावत नाही आणि म्हणून टिकत नाही. कागदाची जाडी दर चौरस मीटरच्या वजनावरून सांगतात. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० ग्रॅमचा असतो. कार्डासाठी तो २५० ते ३५० ग्रॅमचा घ्यावा. रंग कडेपर्यंत न्यावयाचा असेल, तर चित्र चारही बाजूंनी सुमारे तीन मिलिमीटर वाढवून द्यावे लागते, कारण गठ्ठा कापताना पाते किंचित सरकते. त्याच कारणास्तव कोणतेही अक्षर कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत असावे.

छापखानदार कित्येकदा चकचकीत प्लॅस्टिकचा थर दोन्ही बाजूंस चढवून देण्याचा आग्रह धरतो. पुढील बाजूस तो हरकत नाही. ओल्या हातांपासून व पावसाळी दमटपणापासून संरक्षण होते. मागील बाजू मात्र कोरड्या कागदाचीच ठेवावी, कारण तीवर पेनाने लिहिता आले पाहिजे. ग्राहकाने कोणती वस्तू पाहिली, काय भाव ठरला, किती नग हवे आहेत, हे त्याच्यासमोर कार्डाच्या पाठीवर लिहून दिले की ते कार्ड त्या व्यवहाराची आठवण होऊन बसते.

किती कार्डे छापावीत? ऑफसेट छपाईत चार रंगांच्या चार प्लेट कराव्या लागतात. हा खर्च शंभर प्रतींना तितकाच आणि हजार प्रतींनाही तितकाच येतो, म्हणून हजार कार्डे दर नगामागे स्वस्त पडतात. डिजिटल छपाईत प्लेट नसते. शंभर प्रतीही काढता येतात, दर नगामागे खर्च अधिक पडतो इतकेच. नव्या गटाने स्वस्ताईच्या मोहाने हजार कार्डे छापू नयेत, असे आमचे मत आहे. पहिल्या वर्षात क्रमांक बदलतो, वस्तूंची यादी बदलते, आणि आठशे कार्डे वाया जातात. आधी शंभर-दोनशे घ्यावीत. घरगुती इंकजेट यंत्रावर काढलेली कार्डे मात्र टाळावीत. त्यांची शाई ओलाव्याने पसरते. तेवढाही खर्च झेपत नसल्यास जाड कार्डशीट मापाने कापून त्यावर रबरी शिक्का मारावा. स्वच्छ उमटलेला शिक्का आणि खाली हाताने सुवाच्य लिहिलेला क्रमांक यांत कमीपणा काही नाही. एका ए-फोर कागदातून अशी दहा कार्डे निघतात.

चित्र घालावयाचे असेल तर ते गटाच्या खऱ्या वस्तूचे, दिवसाउजेडी काढलेले एकच असावे. व्हॉट्सॲपवरून साधे छायाचित्र म्हणून पाठविल्यास ते आकुंचन पावून छपाईत फिके व पुसट दिसते; 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे.

अलीकडे कार्डावर क्यूआर संकेत छापण्याची रीत पडली आहे. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीने तो निर्माण केला. या संकेतात संकेतस्थळाचा पत्ता ठेवण्याऐवजी गटाचे नाव, क्रमांक व पत्ता हा मजकूरच भरता येतो. असा संकेत नेटवर्क नसतानाही वाचता येतो आणि क्रमांक थेट ग्राहकाच्या फोनमध्ये जाऊन बसतो. धानोऱ्यासारख्या भागास हाच प्रकार योग्य. काही संकेतस्थळे विनामूल्य म्हणून जो 'बदलता येणारा' संकेत देतात, तो त्यांच्यामार्फत चालतो आणि मुदत संपताच बंद पडू शकतो. संकेत दोन सेंटीमीटरहून लहान नसावा, भोवती कोरी जागा असावी, आणि तो फिकट कागदावर गडद छापावा. पैसे स्वीकारण्याचा संकेत कार्डावर न छापता दुकानातच ठेवावा. खाते बदलले तर वाटलेली कार्डे परत घेता येत नाहीत.

छपाईचा आदेश देण्यापूर्वी प्रत्यक्ष आकारातील कागदी मुद्रित मागवावे, फोनच्या पडद्यावर पाहून संमती देऊ नये. मजकूर ज्याने लिहिला त्याने तपासू नये. दुसऱ्याने तो मोठ्याने वाचावा. मुद्रितावर जो क्रमांक छापला आहे, तोच पाहून गटाच्या फोनवर एकदा फोन लावावा. एका आकड्याची चूक वाचून सापडत नाही, घंटा वाजली नाही की सापडते.

कार्डाच्या एका कोपऱ्यात छिद्र पाडून घेतले, तर तेच कार्ड सुतळीने सुपाला अथवा परडीला बांधता येते आणि वस्तूबरोबर घरोघरी जाते. मधाच्या बाटलीच्या गळ्यातही ते अडकविता येते, परंतु कायद्याने आवश्यक असलेल्या लेबलाची जागा ते घेऊ शकत नाही. प्रदर्शनात टेबलावर कार्डांचा गठ्ठा ठेवल्यास येणारे-जाणारे उचलून नेतात व पुढच्याच वळणावर टाकतात. ज्याने वस्तू हाताळली, प्रश्न विचारला, त्यालाच ते द्यावे, आणि त्याचे नाव, गाव व मागणी गटाच्या वहीत त्याच वेळी उतरून घ्यावी. पुढे कधी क्रमांक बदलण्याची वेळ आलीच, तर कोणाकोणाला कळवावयाचे याची यादी त्या वहीतच मिळते.